यंत्राचा कान आणि तबल्याचा बोल

तबल्यावरचा हात आता यंत्राला ओळखता येतो, ही वार्ता आमच्या खापरखेड्यातील संगीतवेड्या मंडळींत पोहोचली तेव्हा तिचे स्वागत दोन तऱ्हांनी झाले. एका पक्षाने 'चला, आता गुरूवाचून अडणार नाही' म्हणून टाळी दिली. दुसऱ्याने 'झाले, विद्येचे मातेरे झाले' म्हणून कपाळाला हात लावला. मौज अशी, की त्या यंत्राने नेमके काय ऐकले आणि काय सांगितले, हे विचारण्याची तसदी दोन्ही पक्षांपैकी कोणीच घेतली नव्हती. संगीतावर चार ओळी लिहिण्याची खोड मला बरीच वर्षे आहे. मैफल ऐकल्यावाचून तिच्यावर लिहू नये, हा त्या धंद्यातला पहिला नियम. तोच नियम या नव्या श्रोत्याला लावावा, आणि गवया-बजवय्यांचे करतो तसे या यंत्राच्या कानाचेच एकदा परीक्षण करून पाहावे, असे मनात आले. वर्षभर जमेल तसे वाचत आणि ऐकत गेलो. त्यातून जे हाती लागले ते फराळाच्या ताटाशेजारी ठेवीत आहे.

या विषयाचे माहेर आपल्याकडचे नाही, ते पियानोच्या घरचे आहे. पियानोचे ध्वनिमुद्रण ऐकून कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि पायाखालचे पेडल केव्हा उचलले, हे यंत्राने सांगावे, यासाठी पश्चिमेकडे गेली कित्येक वर्षे खटपट चालू आहे. ती तिकडे लवकर फळाला आली याचे कारण साधे आहे. पियानोला स्वतःची रोजनिशी लिहिता येते. यामाहा कंपनीचा 'डिस्क्लाव्हिअर' नावाचा पियानो आहे. वादक वाजवीत असताना प्रत्येक पट्टीची हालचाल तो आपल्या पोटात नोंदवून ठेवतो. एका आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेतील स्पर्धक अनेक वर्षे याच पियानोवर वाजवीत आले. त्यांच्या वादनाचे ध्वनिमुद्रण आणि पियानोने स्वतः लिहिलेली नोंद अशा जोडीचा एक संग्रह गूगलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये खुला केला. आज तो सुमारे दोनशे तासांचा आहे. एवढी तयार उत्तरपत्रिका हाती असल्यावर यंत्राला शिकवणे कठीण राहिले नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात बेइची लियांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७च्या सुमारास पेडलचाच पिच्छा पुरवला. पेडल पाव दाबले, अर्धे दाबले की पुरते, हे आधी पेडलला संवेदक लावून मोजले, आणि पुढे नुसत्या आवाजावरून पेडल ओळखता येते का ते पाहिले.

पियानोवाल्यांचे एक जुने भांडण मात्र येथे सांगितलेच पाहिजे, कारण आपला प्रश्न त्याने उजळून निघतो. थोर वादकाच्या 'स्पर्शाने' सुराचा पोत बदलतो, अशी पियानोवाल्यांची श्रद्धा. सर जेम्स जीन्स या शास्त्रज्ञाने १९३७ साली 'सायन्स अँड म्यूझिक' या पुस्तकात तिच्यावर पाणी ओतले. त्याचे म्हणणे असे, की एकट्या सुरापुरते बोलायचे तर पट्टी नामवंत वादकाच्या बोटाने दाबली काय किंवा त्याच्या छत्रीच्या टोकाने दाबली काय, जोर सारखा असला की सूर सारखाच. कारण पियानोतला हातोडा तारेला भिडण्याआधीच पट्टीपासून सुटलेला असतो; शेवटच्या क्षणी वादकाचा त्याच्यावर काहीच ताबा नसतो. मला स्वतःला हे वाचून थोडे वाईट वाटले. पण गोष्ट तेथे संपली नाही. व्हेर्नर गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपास केला, तेव्हा पट्टी वरून आपटली की नुसती दाबली, हे श्रोत्यांना ओळखता येते असे आढळले. मात्र ते सुरावरून नव्हे, तर सुराच्या किंचित आधी पट्टीवर बोट आपटल्याचा जो बारीकसा 'टक' येतो त्यावरून. तो 'टक' काढून टाकला, की ओळख संपली! म्हणजे श्रद्धाही पुरती खोटी नव्हती आणि जीन्सही पुरता चुकला नव्हता. ओळख होत होती, पण ज्या ठिकाणी ती होते असे वादक समजत होते त्या ठिकाणी ती नव्हती. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

तबल्यात मध्ये हातोडा नाही, पट्टी नाही, छत्रीला वाव नाही. बोट आणि कातडे यांची थेट गाठ. बोट चाटेवर पडले की लवेवर, पडून लगेच उठले की तेथेच दबून राहिले, करंगळीशेजारचे बोट शाईच्या कडेला टेकलेले होते की नव्हते, या प्रत्येक फरकाचा आवाज वेगळा. पियानोत तंत्र आवाजामागे लपते; तबल्यात तंत्र हाच आवाज. म्हणून हात ओळखणाऱ्या यंत्राची खरी परीक्षा पाहायची तर तबल्याइतके चांगले वाद्य नाही. आपल्या घराघरांतून असलेली पेटी या कामी फारशी उपयोगाची नाही. तिच्या पट्ट्या पियानोसारख्या दिसतात एवढेच, बाकी सारा कारभार भात्याच्या वाऱ्याचा.

तबल्याच्या आवाजाचे शास्त्र पाहणाऱ्यांत पहिला मान चंद्रशेखर वेंकट रामन यांचा. हे नाव नोबेल पारितोषिकामुळे सर्वांना ठाऊक आहे. पण ते गृहस्थ सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते आणि १९१०च्या सुमारास वर्षभराहून कमी काळ त्यांची नेमणूक नागपूरला होती, हे आमच्या भागातल्या पुष्कळांना माहीत नसते. पुढे कलकत्त्यास गेल्यावर त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये 'नेचर' या पत्रात एक लहानसे टिपण लिहिले आणि १९३४ मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर निबंध लिहिला. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी नाते न सांगणारे असतात, म्हणून ढोलाचा नुसता दणका ऐकू येतो, सूर येत नाही. तबल्याच्या कातड्यावर लोहकीट आणि पीठ यांची खळ थरावर थर देऊन, घोटून जी शाई चढवतात, तिच्या वजनाने ते विस्कटलेले उपस्वर एका ओळीत येऊन बसतात – मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे. म्हणून तबला 'सा'ला मिळवता येतो. ज्या कोणा कारागिराने प्रथम शाई चढवली त्याने हे गणित मांडले नव्हते. त्याने कानाने ऐकले आणि खळ घोटली. रामन यांनी त्या कानाला दाद दिली ती मोजून.

आता यंत्राकडे वळू. 'मशीन लर्निंग' हे नाव भारदस्त आहे, पण त्यातली कल्पना दिवाळीच्या अंगणात बसून समजण्याजोगी आहे. आवाजाची प्रथम रांगोळी मांडतात. आडव्या दिशेला काळ, उभ्या दिशेला सुराची उंची, आणि आवाज जेथे जोराचा तेथे रंग गडद. या रांगोळीत 'ट'सारखा बंद बोल म्हणजे नुसती एक उभी बारीक रेघ. उमटली आणि मिटली. चाटेवरचा खुला 'ना' म्हणजे उभ्या रेघेपासून उजवीकडे ओढलेल्या समांतर आडव्या रेघा, आणि त्या बऱ्याचशा सारख्या अंतरावर – ही रामन यांची शाई! डग्ग्याचा 'घे' म्हणजे तळाशी उमटलेला जाड पट्टा. मनगटाचा दाब देऊन वादकाने घुमारा काढला, तर तो पट्टा वर वळतो. अशा हजारो रांगोळ्या आणि प्रत्येकीखाली माणसाने लिहिलेले नाव, एवढे यंत्रापुढे ठेवायचे. यंत्र अंदाज करते, चुकते, चुकले की आपल्या आतल्या असंख्य खुंट्या जरा जरा पिळून घेते, पुन्हा अंदाज करते. तबला मिळवताना आपण गठ्ठ्यांवर हातोडी मारीत बसतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त गठ्ठे लाखांनी मोजायचे.

पॅरिसमध्ये ओलिव्हिए जिले आणि गाएल रिशार यांनी २००३ मध्ये तबल्याचे बोल आपोआप लिहून काढण्याचा प्रयत्न केला. सरोदिये पराग चोरडिया यांनी २००५ मध्ये अमेरिकेत तेच काम पुढे नेले. आपल्या मुंबईत, पवईच्या आय. आय. टी.मध्ये प्रीती राव आणि त्यांचे विद्यार्थी भारतीय संगीताच्या ध्वनीचा अभ्यास बरीच वर्षे करीत आहेत. त्यांच्यापैकी रोहित एम. ए. आणि अमित्रजित भट्टाचार्जी यांच्यासह त्यांनी २०२१ मध्ये जे काम प्रसिद्ध केले ते मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटले; या परीक्षणाचा मुख्य विषय तेच.

या मंडळींनी पहिली शहाणपणाची गोष्ट केली ती ही, की यंत्राला बोल विचारलेच नाहीत. त्यांनी फक्त चार खण केले: बंद आघात, नुसता तबला गुंजतो तो आघात, नुसता डग्गा गुंजतो तो, आणि दोन्ही गुंजतात तो. आमच्या खापरखेड्यातल्या पहिल्या पक्षाला हे ऐकून फार निराशा वाटली. 'चारच? मग आम्हां पामरांना काय कमी कळते?' असे त्यांचे म्हणणे पडले. पण खुले बोल आणि बंद बोल, भरी आणि खाली, हीच आपल्या तबल्याच्या व्याकरणाची पहिली विभागणी आहे. कायदा वाजवताना पहिला अर्धा भाग डग्ग्यासह येतो आणि दुसऱ्यात डग्गा आवरता घेतला जातो, ही खूण सामान्य श्रोत्यालाही कळते. यंत्राला तेवढेच विचारणे म्हणजे थोडे विचारणे नव्हे. नेमके विचारणे आहे.

बोल का विचारू नयेत? कारण बोल आवाजात नसतो. हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून सावकाश पाहू. 'ना' आणि 'ता' हे पुष्कळदा एकाच जागी, एकाच बोटाने, एकाच तऱ्हेने वाजतात. कोठे 'ना' म्हणायचे आणि कोठे 'ता', हे मागचापुढचा बोल ठरवतो. 'तिट'मधला 'ट' आणि 'तिरकिट'मधला शेवटचा 'ट' एकाच नावाचे असले तरी बोटे निराळी असू शकतात. उलट 'ते', 'ट', 'रे' अशी निराळी नावे असलेले बंद आघात कानाला जवळजवळ सारखे लागतात. 'ति' मधल्या बोटाने आणि 'ट' तर्जनीने की त्याच्या उलट, याविषयी एका घराण्याचे दुसऱ्याशी पटत नाही. नाव हे आघाताचे नसून त्या आघाताच्या वाक्यातील जागेचे आहे. 'तो' हा शब्द सर्वनाम की दर्शक विशेषण, हे शब्दाकडे पाहून सांगता येते काय? वाक्य पाहावे लागते. जिले आणि रिशार यांनी २००३ मध्येच हे ओळखले होते, आणि आघाताचे नाव ठरवताना आधीचे आघात कोणते होते याचाही हिशेब यंत्राला करायला लावला होता.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण कोणत्याही शाळकरी मुलाला पाठ असलेल्या तीनतालात आहे. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. काल म्हणजे खाली कोठे? नवव्या मात्रेवर. हात तेथे हवेत उघडतो. आता नववी मात्रा वाजते कशी? बहुतेक ठिकाणी 'धा'! म्हणजे डग्ग्यासह, चांगली भरलेली. डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत. ज्याला फक्त गुंजन ऐकू येते असा प्रामाणिक श्रोता खाली एक मात्रा उशिरा मांडील आणि एक मात्रा उशिराच उचलील. तो काही चूक करीत नसतो. जे वाजले ते ऐकत असतो. आपण मात्र नवव्या मात्रेच्या भरल्या 'धा'त खाली 'ऐकतो', कारण पुढे काय येणार ते आपल्याला ठाऊक असते. पियानोच्या स्पर्शासारखेच हे झाले: ओळख होते, पण आपण समजतो त्या ठिकाणी ती नसते. चाळीस वर्षे तीनताल ऐकून ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. ती सांगायला एका बहिऱ्या यंत्राची कल्पना करावी लागली, आणि एवढ्यासाठी मी त्या यंत्राचा ऋणी आहे.

बोल राहतो कोठे, तर तोंडात. आपल्याकडे तबला आधी बोलायला शिकवतात, मग वाजवायला. पढंत करणारा गुरू हाताचे वजन जिभेने दाखवतो. पवईच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये पढंत आणि वादन यांची तुलना करून, बोल म्हणण्याच्या ढंगाचे वाजवण्याच्या ढंगाशी काय नाते आहे ते तपासले होते. त्याआधी २००३ मध्ये पटेल आणि आयव्हरसन या अमेरिकेतील दोघा संशोधकांनी, तबल्याच्या बोलांतले वर्ण त्या त्या आघाताच्या आवाजाशी खरोखरच मिळतेजुळते आहेत असे दाखवून दिले होते. 'घे' डग्ग्याचा आणि 'ट' बंद बोलाचा हे कोणी लहर म्हणून ठरवलेले नाही. मला वाटते, पढंत हा यंत्राच्या शिक्षणातला कच्चा राहिलेला धडा आहे. आघातांच्या रांगोळीखाली नावे लिहिण्यापेक्षा गुरूने म्हटलेले आणि शिष्याने वाजवलेले शेजारीशेजारी ठेवून यंत्राला ऐकवले, तर काय निघेल ते पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.

आता दोषांकडे येतो. पहिला दोष यंत्राचा नव्हे, भांडाराचा. पियानो आपली रोजनिशी स्वतः लिहितो. तबला लिहीत नाही. येथे कोणता आघात कोठे पडला हे कोणा माणसाला बसून तपासावे लागते, म्हणून नमुने थोडे. थोड्या नमुन्यांवर शिकलेल्या यंत्राला ओळखीचा तबला ऐकवा, ते पोपटासारखे बोलते. दुसऱ्या सुराचा, दुसऱ्या घडणीचा तबला ऐकवा, ते अडखळते. पवईच्या मंडळींनी या दुखण्यावर जो उपाय करून पाहिला तो मोठा गमतीचा आहे. पाश्चात्त्य ड्रम ओळखायला आधीच शिकलेले एक यंत्र घेऊन त्यांनी त्याला तबला शिकवला! निष्पत्ती अशी, की एकंदरीने पाहता प्रत्येक वर्गासाठी वेगळे तयार केलेले यंत्र सरस ठरले. पण ज्या वर्गाचे नमुने सर्वांत कमी होते, तेथे ड्रमच्या घरून आलेले यंत्र अधिक उपयोगी पडले. आमच्यातल्या दुसऱ्या पक्षाला यात तबल्याचा अपमान वाटला. मला वाटत नाही. आमच्या वाजंत्र्यांची पोरे बँडमध्ये शिकून तबल्याला बसलेली मी पाहिली आहेत. कान कोठे तयार झाला यापेक्षा तो तयार झाला हे महत्त्वाचे.

दुसरा दोष मात्र मला गंभीर वाटतो. चार खणांत घुमाऱ्याला जागा नाही. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड आणि नुसती उघडी थाप, दोन्ही एकाच खणात पडतात. ज्या डग्ग्यासाठी आपण एखाद्या तबलियाला जन्मभर आठवतो तो डग्गा या जमाखर्चात फक्त 'गुंजला' एवढाच लिहिला जातो. रांगोळीत तो वळलेला पट्टा स्पष्ट दिसत असतो, हे विशेष. दिसते आहे, पण विचारलेले नाही. पुढचे काम येथे आहे.

येथवरचे दोष ज्ञानाचे झाले. खरी काळजी आहे ती उपयोगाची, आणि ती समजण्यासाठी आमच्या गावाकडे यावे लागेल. खापरखेडा हे वीजकेंद्राचे गाव. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, मिळून १३४० मेगावॅट. अशा गावात कानावर पोट भरणारी माणसे पुष्कळ. जुना फिटर लोखंडी सळईचे एक टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवून दुसरे कानामागच्या हाडाला लावतो आणि 'दोन दिवस काढेल, तिसऱ्या दिवशी बसेल' असे सांगतो. आता त्याच जागी कंपन मोजणारे संवेदक बसतात, आणि पुष्कळदा फिटरच्या आधी त्यांना कळते. याबद्दल कोणी शोक केलेला मी ऐकला नाही. मग तबल्याबद्दलच शोक का? कारण चांगले बेअरिंग म्हणजे काय याविषयी जगात दुमत नाही. चांगला 'ना' म्हणजे काय, याविषयी मात्र दिल्लीचे आणि पूरबचे एकमत अजून व्हायचे आहे. दिल्लीवाला चाटेवर बोट मारून नाणे वाजल्यासारखा 'ना' काढतो, पूरबवाला लवेकडे झुकतो. ज्याचे नमुने भांडारात अधिक, त्याचा 'ना' बरोबर, दुसऱ्याचा 'चूक'. यंत्र हे दुष्टपणाने करणार नाही, ते हिशेबाने करील, आणि हिशेबाशी भांडता येत नाही.

ही भीती पोकळ नाही. आमच्या वसाहतीत तबला शिकणारी मुले आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या ती चढतात. रोज हात पाहील असा जाणता गुरू मात्र नागपुरास, आणि आठवड्यातून एकदा बसने जाणे हेच पुष्कळ आईबापांना जमते. मधले सहा दिवस मूल एकटे वाजवते आणि चुकीचा हात घट्ट करीत बसते. अशा मुलाच्या शेजारी 'हा आघात बंद व्हायला हवा होता, खुला पडला' एवढे सांगणारा कान असेल, तर तो मला देवासारखा वाटेल. याबाबतीत मी पहिल्या पक्षाचा. पण तोच कान 'शंभरपैकी बासष्ट' असे सांगू लागला, की मी उठून दुसऱ्या पक्षात जाऊन बसेन. खुले की बंद, हा प्रश्न कातड्याचा आहे. त्याचे उत्तर यंत्राने द्यावे. बासष्ट हा आकडा कोणत्या घराण्याच्या बोटांतून निघाला, ते मुलाला कधीच कळणार नाही. परीक्षकही चुकतात, लहरीपणा करतात, हे मला मान्य; पण परीक्षकाला तोंडावर विचारता येते आणि त्याचे घराणे कोणते ते गावाला ठाऊक असते.

आमच्या, म्हणजे टीकाकारांच्या धंद्याचा या यंत्राने उपकारच केला आहे. तबल्याविषयी मराठीत आम्ही काय लिहितो? हात 'दाणेदार' होता, 'टपोरा' होता, 'वजनदार' होता, 'गोड' होता. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ साथीला होते, त्या काळापासून ही विशेषणे वापरात असतील. आता ती गुळगुळीत झालेल्या नाण्यांसारखी हातोहात फिरतात. 'दाणेदार' म्हणजे काय? द्रुत लयीत प्रत्येक आघात शेजारच्यापासून सुटा राहणे? की आघातांतील अंतरे सारखी असणे? की बंद बोल खरोखरच बंद असणे? या तिन्ही गोष्टी आता मोजता येतील. मोजल्यावर कदाचित असे दिसेल, की आम्ही ज्याला दाणेदार म्हणत होतो त्याची अंतरे मुळीच सारखी नव्हती आणि त्या किंचित विषमतेलाच आम्ही भुलत होतो. तसे निघाले तर मला आनंद होईल. वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली 'घरंदाज गायकी'त घराण्यांची मांडणी स्वर आणि लय यांच्या कमीअधिक प्रमाणावरून केली. 'गोड' आणि 'भारदस्त' यांवर थांबले नाहीत. ते व्यवसायाने हिशेबतपासनीस होते. रामनही हिशेबखात्यातले. या खात्याचे आणि संगीताच्या विचाराचे काही गूळपीठ असावे, अशी मला दाट शंका आहे.

या यंत्राला खरे काम द्यायचे तर ते ख्यालाच्या साथीचे द्यावे. विलंबित ख्यालात तबलिया ठेका कसा भरतो, सम जवळ आल्यावर काय करतो, गवई लांब तानेवर असताना हात किती आवरतो, याविषयी आपण आठवणीवर बोलतो, आणि आठवण आवडत्या माणसाची बाजू घेते. पवईच्या मंडळींचा रोख मैफलीतल्या साथीवरच आहे. कंठ, तंबोरा, पेटी यांच्या गर्दीतून तबल्याचा आघात वेगळा काढणे अवघड, पण त्या दिशेने त्यांनी पाऊल टाकले आहे. शेकडो तासांची जुनी ध्वनिमुद्रणे बसून ऐकणे एका जन्मात होणारे नाही. येथे यंत्राचा कान थकत नाही, त्याला चहा लागत नाही, आणि तो कोणाचा गंडाबंध शिष्य नाही.

मला स्वतःला त्याहून जवळचे एक काम दिसते, आणि ते अजून कोणी हाती घेतलेले माझ्या पाहण्यात नाही. आमच्या विदर्भात तबल्याहून अधिक कानांवर खंजिरी पडते. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी ती गावोगाव नेली. एकच कातडे, सोबतीला डग्गा नाही, कडेला झांजा. ज्या हाताने धरायची त्याच हाताच्या बोटांनी कातड्यावर दाब देऊन आवाज चढवायचा-उतरवायचा. वरच्या चार खणांत ती मावणार नाही, तिला आपले खण वेगळे लागतील. तबल्याइतकी ठरीव बोलांची भाषाही तिला नाही. तेव्हा रांगोळीखाली नाव काय लिहावे, हाच पहिला प्रश्न. तो मी आमच्या भजनी मंडळातल्या वयाने सर्वांत मोठ्या खंजिरीवाल्या काकाजींना विचारला. त्यांची एक थाप आहे. कडव्याच्या शेवटी येते, आवाज तळातून उचलून वर सोडते. 'काकाजी, या थापेला तुम्ही काय म्हणता?'

'त्याले का म्हणाचं जी? हे अशी पडते,' म्हणून त्यांनी ती वाजवून दाखवली. मी पुन्हा एकदा म्हटले, त्यांनी पुन्हा वाजवली. त्या दोन थापा एकच होत्या की निराळ्या, यावर आमच्या मंडळात अजून वाद चालू आहे.